पोलीस अधिकारी निर्दोष सुटला, निकालपत्र कुठे मिळतं? ई-कोर्ट्स आणि भोवतालच्या सेवांचं परीक्षण

गोळी झाडणारा पोलीस अधिकारी न्यायालयात निर्दोष सुटल्याची बातमी आली की म्हापशाच्या बाजारापासून फोंड्याच्या तिस्कापर्यंत दोन तट पडायला अर्धा दिवस पुरतो. एक तट म्हणतो, सगळे आतून मिळालेले. दुसरा म्हणतो, पोलिसांनी काय गोळ्या खात उभं राहायचं? दोन्हीकडच्या बहुतेकांनी निकालपत्राचं एक पानही पाहिलेलं नसतं. ते मोबाइलवर फुकट मिळतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. सुटकेची बातमी वाचल्यावर गोव्यातल्या मराठी वाचकाला मूळ निकाल, त्यामागचे कागद आणि पुढची वाट शोधायची असेल, तर सरकारी आणि खासगी सेवा कितपत कामाला येतात? सर्वात जास्त जागा ई-कोर्ट्सला, म्हणजे न्यायालयांच्या नोंदी आणि निकाल दाखवणाऱ्या सरकारी सेवेला दिली आहे, कारण सत्र न्यायालयाचा निकाल तिथेच सापडतो. बाकीच्या सेवा लागतील तशा येतील.

आपल्याकडे निकाल वाचण्यात अर्थ का आहे, ते अमेरिकेशी ताडून पाहिलं की कळतं. मिनेसोटा राज्यात फाल्कन हाइट्स इथे 6 जुलै 2016 रोजी गाडी अडवून एका चालकावर गोळ्या झाडणारा पोलीस अधिकारी 16 जून 2017 रोजी निर्दोष सुटला. चार दिवसांनी पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांसमोर आलं. पण ज्युरीने तसं का ठरवलं, याचा एकही कागद नाही, कारण ज्युरी कारणं लिहीत नाही. सरकारला अपिलाचीही सोय नाही. तिथल्या वादाला चित्रणाशिवाय धरायला काही उरत नाही. इथे न्यायाधीशाला प्रत्येक मुद्द्यावर कारणं लिहावी लागतात आणि त्या कारणांवर उच्च न्यायालयात बोट ठेवता येतं. ‘कोर्टाने सोडलं’ यापेक्षा ‘कोर्टाने कशामुळे सोडलं’ हा प्रश्न आपल्याकडे जास्त उपयोगाचा आहे.

ई-कोर्ट्स : शोध कसा घ्यायचा आणि कुठे अडतो

संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप, दोन्ही मोफत आहेत, नोंदणीची गरज नाही. राज्य गोवा, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडलं की शोधाचे प्रकार दिसतात: पक्षकाराचं नाव, खटला क्रमांक, वकील, एफआयआर क्रमांक, कायदा वगैरे. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर यातलं काहीच लागत नाही. त्याची पहिली दोन अक्षरं राज्याची (गोव्यासाठी ‘जीए’), पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. एखाद्या पत्रकाराला किंवा वकिलाला काही विचारायचंच असेल तर हा क्रमांक विचारा. बाकी सगळं त्यातून निघतं.

क्रमांक नसेल तर बहुतेक जण एफआयआरच्या वाटेने जातात. पोलीस गोळीबाराच्या खटल्यात नेमकं तिथेच अडतं. घटना डिचोली पोलीस स्थानकाच्या हद्दीत घडली म्हणून तेच स्थानक निवडावं, तर बऱ्याचदा भलताच एफआयआर पुढे येतो: मेलेल्या किंवा जखमी माणसाविरुद्धचा, ‘पोलिसांवर जीवघेणा हल्ला’ या कलमाखालचा. अधिकाऱ्याविरुद्धचा एफआयआर वेगळा असतो. तपास स्वतंत्र यंत्रणेकडे गेला असेल तर तो दुसऱ्याच स्थानकाच्या नावावर सापडतो, म्हणजे क्राइम ब्रांच किंवा सीबीआय. कुटुंबाने थेट दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद केली असेल तर एफआयआर क्रमांकच नसतो. तेव्हा या प्रकारच्या खटल्यासाठी एफआयआर-शोध ही दुसऱ्या क्रमांकाची वाट समजा.

पहिली वाट नावाची. सरकारी खटल्यात एका बाजूला ‘स्टेट’ असतं, त्यामुळे शोधायचं ते आरोपी अधिकाऱ्याचं आडनाव, निदान तीन अक्षरं. गोव्यात इथे खास आपली अशी एक गंमत आहे. ‘नाईक’ हे आडनाव इंग्रजीत ‘एन-ए-आय-के’ असं लिहितात आणि जुन्या पोर्तुगीज वळणाने ‘एन-ए-आय-क्यू-यू-ई’ असंही. परबचं पोरोब होतं, कामतचं कामोतीम. डिसोझा तर जोडून, तोडून, वर स्वल्पचिन्ह देऊन, अशा तीन-चार तऱ्हांनी येतं. यंत्र अक्षरश: जुळवतं, अंदाज करत नाही. पूर्ण आडनाव टाकण्यापेक्षा रूपांत समान असलेली सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाका, आणि सुरुवातच वेगळी असेल तर प्रत्येक रूप वेगळं शोधा. यादी लांबेल, पण खटला निसटणार नाही.

वर्षाच्या रकान्यात घटनेचं वर्ष टाकणं ही सर्वात नेहमीची चूक. तिथे त्या न्यायालयात खटला नोंदवला गेला ते वर्ष हवं असतं. खुनाचा खटला आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल होतो आणि तिथून सत्र न्यायालयाकडे सोपवला जातो. सत्र खटल्याला नवा क्रमांक आणि नवा सीएनआर मिळतो, अनेकदा पुढच्या एखाद्या वर्षाचा. एकाच प्रकरणाच्या दोन नोंदी दिसल्या तर गोंधळू नका. तालुक्याच्या संकुलातली नोंद सोपवणीपाशी संपते, निकाल जिल्हा व सत्र न्यायालयाच्या नोंदीत असतो. आणि ‘प्रलंबित’ या पर्यायावर खूण असेल तर सुटका झालेला खटला दिसणारच नाही. ‘निकाली’ किंवा ‘दोन्ही’ निवडा.

नोंद उघडली की तारखांचा इतिहास आणि खाली आदेश दिसतात. कोणत्या तारखेला साक्षीदार आला नाही, किती वेळा पुढची तारीख पडली, हे सगळं त्यात आहे. खटला दहा वर्षं का चालला यावर चर्चा करणाऱ्यांनी निकालाआधी हा तक्ता पाहायला हरकत नाही.

निकाल लगेच दिसला नाही म्हणून कोणी दडपला असं समजू नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 392 नुसार निकालाची प्रत शक्य तोवर सात दिवसांत न्यायालयाच्या पोर्टलवर चढवायची असते. ‘शक्य तोवर’ हे शब्द कायद्यातच आहेत, आणि सरकारी खात्याला त्यांचा केवढा आधार वाटतो ते सांगायला नको. काही निकाल मुद्दाम झाकलेले असतात. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती किंवा लहान मूल गुंतलं असेल तर नावं गाळलेली असतात किंवा प्रत चढवलेलीच नसते.

ॲपमध्ये ‘माझे खटले’ या सोयीखाली खटला साठवता येतो, पुढच्या तारखा तिथे पाहता येतात. पण ही यादी फोनवरच राहते. फोन बदलण्याआधी ती फाइल करून बाहेर काढली नाही तर गेली. शोधाचा वेग, फुकट मिळणारी मूळ प्रत आणि तारखांचा इतिहास यासाठी ई-कोर्ट्सला पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो नावाच्या शोधातल्या आंधळेपणासाठी आणि सत्र खटल्याची नोंद मूळ दंडाधिकाऱ्याकडच्या नोंदीशी सामान्य वाचकाला कळेल अशी जोडलेली नसल्यासाठी.

वरच्या न्यायालयांचे निकाल

पर्वरीच्या खंडपीठात गेलेलं प्रकरण शोधणं बरंच सोपं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवर आता एकसारखा संदर्भ छापलेला असतो: वर्ष, मग ‘बीएचसी-गोवा’, मग अनुक्रम, आणि दोन न्यायमूर्तींचं पीठ असेल तर शेवटी ‘डीबी’. वृत्तपत्रांनी बातमीखाली एवढा एक संदर्भ दिला तरी वाचकाचं निम्मं काम होईल. अजून तशी पद्धत पडलेली नाही.

ई-कोर्ट्सचंच ‘जजमेंट सर्च’ पोर्टल उच्च न्यायालयांच्या निकालांत शब्द टाकून शोधू देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांसाठी 2 जानेवारी 2023 पासून ‘ई-एससीआर’ आहे. दोन्ही मोफत, दोन्हीला चार गुण. खासगी सेवांत ‘इंडियन कानून’ 2008 पासून चालू आहे, आणि निकालावरून निकालावर उड्या मारायच्या असतील तर अजूनही तीच हाताला सर्वात सोयीची. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, ते तिथे एका टिचकीत दिसतं. मात्र सत्र न्यायालयांच्या बाबतीत तिचा साठा असमान आहे. गोव्यातल्या सत्र खटल्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

निकाल हातात आला, आता वाचायचा कसा

सत्र न्यायालयाचा निकाल पन्नास पानांचा असो की पाचशे, बांधणी ठरलेली असते: आरोप, सरकार पक्षाचं म्हणणं, निर्णयासाठीचे मुद्दे आणि त्यांची उत्तरं, साक्षीपुरावा, कारणं, आदेश. शेवटचं पान पहिलं वाचा. कोणत्या आरोपीला कोणत्या कलमातून सोडलं ते तिथे नेमकं असतं. खुनाच्या कलमातून सुटका आणि पुरावा नष्ट केल्याच्या कलमात शिक्षा, असंही होऊ शकतं, आणि मथळ्यात फक्त पहिलं येतं.

गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची असतील, मग निकाल कितीही नवा असो. खून म्हणजे जुनं 302, नव्या भारतीय न्याय संहितेत 103. स्वसंरक्षणाची कलमं जुनी 96 ते 106, नवी 34 ते 44. ही जोडी कागदावर लिहून शेजारी ठेवली की वाचन अडत नाही.

आता मुद्द्यांची उत्तरं पाहा. अधिकाऱ्याची सुटका साधारण तीन कारणांनी होते, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

पहिलं, गोळी त्यानेच झाडली हे सिद्ध झालं नाही. इथे शस्त्रागाराची नोंदवही निर्णायक ठरते: कोणत्या क्रमांकाचं पिस्तूल कोणाला दिलं, किती काडतुसं दिली, परत किती आली. घटनास्थळी सापडलेल्या पुंगळ्या आणि शरीरातली गोळी त्याच शस्त्राची आहे का, हे बॅलिस्टिक अहवाल सांगतो. शस्त्र जप्त करायला उशीर झाला, सील मोडलेलं आढळलं, किंवा पंचनाम्यातला क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळला नाही, की हा दुवा तुटतो.

दुसरं, गोळी झाडली हे मान्य, पण स्वसंरक्षणात. हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण तिचं माप हलकं आहे. सरकारला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आरोपीला आपलं म्हणणं जास्त शक्य कोटीतलं आहे एवढंच दाखवावं लागतं. तेही सरकारच्याच साक्षीदारांच्या उलटतपासातून दाखवता येतं, पिंजऱ्यात उभं राहायची सक्ती नाही. वादात सर्वात जास्त गल्लत इथे होते. ‘त्याने साक्षसुद्धा दिली नाही, तरी सुटला’ ही तक्रार कायद्यापुढे टिकत नाही. टिकते ती दुसरी तक्रार: गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं का, हे न्यायाधीशांनी तपासलं का? स्वसंरक्षणाच्या हक्कालाच ती मर्यादा आहे, नव्या न्याय संहितेत कलम 37. शिवाय सरकारी नोकराने सद्भावनेने पण अधिकाराबाहेर जाऊन मारलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवणारा अपवादही कायद्यात आहे. निकालात या मधल्या शक्यतेचा विचार झाला आहे की थेट खून किंवा निर्दोष असे दोनच पर्याय धरले आहेत, हे जरूर पाहा.

अटकेचा मुद्दा असेल तर आणखी एक कलम. अटकेला विरोध झाला तर पोलीस लागेल ते साधन वापरू शकतात, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्यातल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. जुन्या प्रक्रिया संहितेत हे कलम 46 होतं, नव्यात 43. ‘पळत होता म्हणून गोळी झाडली’ हा बचाव पुढे आला तर पळणारा कोणत्या गुन्ह्यात हवा होता, ते आधी शोधा.

तिसरं कारण म्हणजे साक्षीदार फितूर होणं. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणात मुंबईच्या विशेष सीबीआय न्यायालयाने 21 डिसेंबर 2018 रोजी सर्व 22 आरोपींना सोडलं. तपासलेल्या 210 साक्षीदारांपैकी 92 फितूर झाले होते. मूळ आरोपी 38 होते. त्यातले 16 जण, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसह, त्याआधीच आरोपमुक्त झाले होते, म्हणजे त्यांच्यावर खटला चाललाच नाही. काही अधिकाऱ्यांच्या बाबतीत खटला चालवायला सरकारची मंजुरी नव्हती, हाही त्यात मुद्दा होता. आरोपमुक्ती आणि निर्दोष सुटका बातम्यांत सर्रास एकाच शब्दात गुंडाळतात. वाचकाने ती वेगळी ठेवावी, कारण पहिल्या प्रकारात साक्षीपुरावा तपासलाच गेलेला नसतो. मंजुरीबाबत नव्या प्रक्रिया संहितेने एक चांगली गोष्ट केली: कलम 218 खाली सरकारने 120 दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

वैद्यकीय भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका. चकमकीची गोष्ट खरी की रचलेली, ते बऱ्याचदा तिथल्या चार ओळींत कळतं. जवळून झाडलेल्या गोळीच्या जखमेभोवती काजळी बसते आणि दारूचे न जळलेले कण कातडीत रुततात. काजळी पुसली किंवा धुतली जाते, रुतलेले कण जात नाहीत. पण मध्ये कपडा असेल तर दोन्ही खुणा कपड्यावर राहतात आणि कातडी स्वच्छ दिसते. म्हणून कपडे जप्त होऊन, सुकवून, वेगळे सील करून वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले का, हे पाहायचं. रक्ताने भिजलेले कपडे तसेच बांधून ठेवले तर कुजतात आणि पुरावा जातो. गोळी शरीरात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा, तिचा उतार, आणि अधिकारी कुठे उभा होता हे दाखवणारा नकाशा, या तिन्हींचा मेळ निकालात कोणी घातला आहे का? बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांचा उलटतपास कितीही लांबला असला तरी हा मेळ बसला नसेल तर निकालाचा पाया कच्चा आहे, मग निकाल कोणत्याही बाजूचा असो.

तपासाचं मोजमाप करायला सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार या निकालात घालून दिलेल्या 16 सूचना शेजारी ठेवाव्यात. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवून न्यायालयाकडे पाठवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या स्थानकाच्या पथकाने करायचा, आणि देखरेख करणारा अधिकारी गोळीबार करणाऱ्या पथकाच्या प्रमुखापेक्षा निदान एक पायरी वरचा हवा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी आणि चित्रीकरणासह. शस्त्रं तपासणीसाठी जमा. दंडाधिकारी चौकशी अटळ. आणि घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक नाही. या सूचना मोडल्या म्हणून अधिकारी आपोआप दोषी ठरत नाही. उलट तपासातली ढिलाई फौजदारी न्यायात आरोपीच्या पदरात पडते. आरोपी आणि तपास करणारा एकाच खात्यातले असतात तेव्हा या नियमाची चव फारच कडू लागते. पण त्याचा इलाज तपास वेगळ्या हातात देणं हा आहे, पुराव्याची पट्टी खाली आणणं नव्हे. निकाल वाचून राग यायचाच असेल तर तो न्यायाधीशांवर काढायचा की तपास अधिकाऱ्यावर, हे त्या सूचनांची यादी ताडून ठरवता येतं.

मराठीतून मिळतं का?

इथे गुण घसरतात. गोव्यातल्या सत्र न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलला तरी जबानी इंग्रजीत उतरते आणि निकालही इंग्रजीत येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल ई-एससीआरवर मराठीत आणि कोकणीतही मिळतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरही काही मराठी भाषांतरं आहेत. मात्र अर्थाचा वाद झाला तर इंग्रजी प्रतच प्रमाण. सत्र न्यायालयाच्या निकालाचं मराठी भाषांतर वाचकाला स्वत:च करून घ्यावं लागतं. मोबाइलवरचं यंत्र भाषांतर घटनाक्रमापुरतं चालतं. कारणांच्या भागात आठ-आठ ओळींची वाक्यं असतात, त्यात वकिलाचा युक्तिवाद कुठे संपला आणि न्यायाधीशांचं मत कुठे सुरू झालं, हे यंत्राला नेहमी सांभाळता येत नाही. बचाव पक्षाचं वाक्य न्यायालयाचं म्हणून समाजमाध्यमांवर फिरतं ते यामुळेच. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. उद्धृत करताना तो क्रमांक द्या आणि मूळ इंग्रजी ओळ ताडून घ्या. मराठी वाचकासाठी या सगळ्या व्यवस्थेला पाचपैकी दीड.

प्रमाणित प्रत आणि अपील

ई-कोर्ट्सवरची प्रत वाचायला पुरते, अपिलाला नाही. त्यासाठी ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत घ्यावी लागते. अर्जात खटला क्रमांक, पक्षकार आणि निकालाची तारीख अचूक हवी, कोर्ट फी स्टँप लावायचा, पानांप्रमाणे आकार भरायचा. प्रतीच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा नोंदलेल्या असतात. त्या जपून ठेवा. मुदत कायद्याच्या कलम 12 खाली प्रत मिळवायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. पण प्रत तयार होऊन खिडकीत पडून राहिली तर ते दिवस वजा होत नाहीत, आणि अर्जच उशिरा केला तर त्याआधीचेही नाहीत. म्हणून निकालाच्याच दिवशी अर्ज करावा.

सुटकेविरुद्ध सरकारला उच्च न्यायालयात अपील करता येतं, त्याला न्यायालयाची परवानगी लागते आणि मुदत 90 दिवस आहे. पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना स्वतंत्र अपिलाचा हक्क आहे, जुन्या प्रक्रिया संहितेत कलम 372, नव्यात 413. त्यांना वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. सरकार अपील करतंय का, याची वाट पाहत बसायचं कारण नाही.

अपिलात खटला नव्याने चालत नाही. सुटलेल्या माणसाचं निर्दोषत्व सुटकेने अधिक पक्कं होतं, आणि पुराव्यातून दोन मतं शक्य असतील तर वरचं न्यायालय सहसा हात घालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या चंद्रप्पा निकालापासून ठरलेलं आहे. तरी दार बंद नसतं. मुंबईत 11 नोव्हेंबर 2006 रोजी झालेल्या लखनभैया चकमकीच्या खटल्यात सत्र न्यायालयाने 2013 मध्ये 21 जणांना दोषी धरलं, पण पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना सोडलं. सरकार आणि मृताचा भाऊ, दोघेही अपिलात गेले. 19 मार्च 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या पीठाने ती सुटका रद्द करून जन्मठेप दिली. त्याच निकालात दोषी ठरलेल्यांपैकी 6 जणांना सोडलंही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुटकेवर पुनर्विचार कसा होतो हे समजून घ्यायला हा निकाल उत्तम आहे. लांबलचक आहे, पण शर्मांसंबंधीचा भाग वेगळा काढून वाचता येतो.

बाकीच्या खिडक्या

गोवा पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर पाहता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 सप्टेंबर 2016 च्या आदेशानुसार तो 24 तासांत चढवायचा असतो. संवेदनशील प्रकरणात उपअधीक्षक किंवा वरचा अधिकारी तो रोखू शकतो, आणि पोलीसच आरोपी असलेला एफआयआर संवेदनशील ठरवला गेला तर नवल वाटायला नको.

दंडाधिकारी चौकशीचा अहवाल मात्र कुठल्याच पोर्टलवर शोधून मिळेल असं धरून चालू नका. कार्यकारी दंडाधिकाऱ्याने चौकशी केली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवस. तपासात अडथळा येईल, हे नकाराचं ठरलेलं कारण (कलम 8(1)(ज)) खटला निकाली निघाल्यावर बरंच लंगडं पडतं. अर्जात निकालाची तारीख आणि खटला क्रमांक लिहिला तर पहिल्या अपिलात उपयोग होतो. अहवालाबरोबर जबान्यांच्या प्रतीही मागा, नाहीतर दोन पानांचा निष्कर्ष हाती येतो.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण ही पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशातून आलेली सेवा. तिचा उपयोग पोलिसांच्या गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी. सुटकेचा निकाल ती फिरवू शकत नाही, आणि तसा अर्ज घेऊन जाणाऱ्याची फेरी फुकट जाते. पण फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून खातेनिहाय कारवाई आपोआप संपत नाही. तिथे पुराव्याचं माप वेगळं असतं, त्यामुळे हा रस्ता निकालानंतरही पूर्ण बंद होत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार मोफत आणि ऑनलाइन, हेल्पलाइन 14433. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि तेच प्रकरण राज्य आयोगापुढे चालू असेल तरीही नाही. सुटकेचा निकाल वर्षांनी येतो. तेव्हा ही खिडकी घटनेच्या वेळी वापरायची आहे, निकालाच्या वेळी नव्हे. आयोगाने त्या वेळी काही नोंद घेतली होती का, एवढं मागाहून विचारता येतं.

अपिलासाठी वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही, म्हणजे मृताची आई किंवा पत्नी अर्जदार असेल तर उत्पन्नाचा दाखला शोधत मामलेदार कचेरीत जायची गरज पडत नाही. अर्जासोबत ई-कोर्ट्सवरून उतरवलेला निकाल आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्याची पावती जोडा, म्हणजे नेमलेल्या वकिलाला मुदत किती उरली आहे ते पहिल्याच दिवशी मोजता येईल.